मुंबईच्या नावाची विमाने

१९४० च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये लॉर्ड बीव्हरब्रुक या वृत्तपत्रवाल्या उमरावाकडे विमान-उत्पादनाचे खाते आले आणि त्याने वर्गणी गोळा करण्याची नामी युक्ती काढली. पाच हजार पौंड द्या, एका स्पिटफायर विमानावर तुम्ही सांगाल ते नाव रंगवू. पाच हजारांत स्पिटफायर होत नव्हते, खरा खर्च बराच वर जाई. पण आकडा लोकांच्या तोंडी बसला. रुपयाला एक शिलिंग सहा पेन्स या तेव्हाच्या दराने त्याचे सुमारे ६६,६६६ रुपये होत. परळ-लालबागच्या कापड गिरण्यांत कामगाराच्या हाती तेव्हा महिन्याकाठी तीस-पस्तीस रुपये पडत. म्हणजे एका विमानाला एका कामगाराची दीडशेहून अधिक वर्षांची कमाई, तीही पोटाला चिमटा काढून नव्हे, पोट अजिबात न भरता.

तरी पैसा निघाला आणि भरपूर निघाला. मुंबई इलाख्यात ‘वॉर गिफ्ट्स फंड’ उभा राहिला. गव्हर्नर सर रॉजर लमली गादीवर होते. संस्थानिक, शेटजी, गिरणीवाले, पेढीवाले यांनी हात मोकळे सोडले. त्यात स्वखुशीची वर्गणी किती आणि साहेबाच्या भिडेखातरची किती, हा हिशेब कोणी मांडला नाही. मोठी रक्कम देणाऱ्या प्रदेशांची नावे ब्रिटिश हवाई दलाने अख्ख्या पथकांना दिली. मुंबईच्या वाट्याला अशी दोन पथके आली: १२२ वे ‘बॉम्बे’ आणि १३२ वे ‘सिटी ऑफ बॉम्बे’. युरोपच्या आकाशात या नावांनी कित्येक विमाने पाडली, कित्येक गमावली. गिरगाव-दादरच्या माणसाला आज यांतले काही सांगा, तो तुमच्याकडे संशयानेच पाहील.

आपली विमानविद्येची आठवण भलतीकडेच जाते. चिराबाजारच्या शिवकर बापूजी तळपद्यांनी १८९५ साली चौपाटीवर वेदोक्त विमान उडवले, ही गोष्ट प्रत्येक गिरगावकराने ऐकलेली असते. तिच्यावर हिंदी चित्रपटही निघाला. तळपदे हौशी, चिकित्सक गृहस्थ होते यात शंका नाही, पण त्या उड्डाणाचा विश्वासार्ह पुरावा नाही. ज्या ‘वैमानिकशास्त्रा’शी त्यांचे नाव जोडले जाते, त्यातल्या विमानांची बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये तपासणी केली आणि ती उडण्याजोगी नाहीत असा निर्वाळा दिला. या दंतकथेला आपण शंभर वर्षे जपले, आणि त्याच शहरातला जो मुलगा खरोखर लढाऊ विमान घेऊन शत्रूच्या मुलखावर गेला, त्याच्या नावाची साधी ओळख ठेवली नाही. मला याचे वैषम्य वाटते.

इंग्रजी कागदांत त्यांचे नाव श्री कृष्ण चंदा वेलिणकर असे लागते. जन्म मुंबईचा, १८९४ चा. शिक्षणासाठी विलायतेला गेले, केंब्रिजच्या जीझस कॉलेजात होते. तिथे असताना पहिले महायुद्ध पेटले. बरोबरीची इंग्रज मुले भराभर गणवेश चढवत होती. हिंदी विद्यार्थ्यांची मात्र पंचाईत. हिंदी शिपाई लाखांनी फ्रान्स आणि मेसोपोटेमियाच्या खंदकांत धाडले जात होते. पण राजाच्या सनदेचा अधिकारी होणे हिंदी माणसाला बंद होते. गोऱ्या सोजिराने काळ्या अधिकाऱ्याला सलाम ठोकायचा कसा, हा खरा पेच होता. सैन्यात ही अट १९१७ च्या ऑगस्टात, तीही नऊ जणांपुरती सैल झाली.

रॉयल फ्लाइंग कोअर हे नवे खाते होते. तिथे माणसे इतकी मरत होती की नियम आपोआप वाकू लागले. तरीही वशिला लागलाच. रावळपिंडीचे हरदितसिंग मलिक ऑक्सफर्डला शिकत होते. त्यांना ब्रिटिशांनी घेतले नाही म्हणून ते फ्रेंच रेड क्रॉसची रुग्णवाहिका चालवायला गेले आणि तिथून फ्रेंच हवाई दलात शिरण्याच्या बेतात होते. तेव्हा त्यांच्या प्राध्यापकाने थेट या खात्याच्या जनरल हेंडरसनला पत्र लिहिले. फ्रेंचांना चालणारा आमचा विद्यार्थी तुम्हाला का चालत नाही, असा त्याचा रोख होता. मलिक घेतले गेले. कलकत्त्याचे इंद्रलाल रॉय आणि एरल चंदर सेन हेही आले. आणि चौथे आपले वेलिणकर. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानाच्या बैठकीत बसलेल्या हिंदी माणसांत ही चार नावे सांगितली जातात, आणि मुंबईचे नाव नेहमी शेवटी, एका ओळीत उरकले जाते.

मलिकांना मांडीत गोळ्या लागल्या, तरी ते जगले, पुढे स्वतंत्र भारताचे फ्रान्समधले राजदूत झाले. रॉय यांनी १९१८ च्या जुलैत तेरा दिवसांत दहा विजय मिळवले आणि बावीस तारखेला वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ते पडले. सेन सप्टेंबर १९१७ मध्ये जर्मनांच्या हाती लागले आणि होल्त्समिंडेनच्या युद्धकैद्यांच्या छावणीत राहिले. वेलिणकरांची गोष्ट या तिघांइतकी झळझळीत नाही. त्यांच्या नावावर विजयांची यादी नाही, आत्मचरित्र नाही. पण ती जास्त बोचते.

ते २३ व्या पथकात होते. १९१८ च्या वसंतात या पथकाकडे सॉपविथ डॉल्फिन ही नवी विमाने आली होती. विचित्र यंत्र होते ते. दोन पंखांच्या जोडीतला वरचा पंख खालच्याच्या थोडा मागे, आणि वैमानिकाची बैठक अशी की त्याचे डोके वरच्या पंखाच्या मधल्या चौकटीतून बाहेर यावे. त्यामुळे वरचे आणि समोरचे आकाश छान दिसे. सूर्याच्या बाजूने झडप घालणारा शत्रू आधी नजरेत येई. पण उतरताना विमान उलटले की सगळा भार पहिल्यांदा वैमानिकाच्या मानेवर. शिवाय पॅराशूट नाही. बलूनमध्ये बसणाऱ्या टेहळ्याला पॅराशूट होते, ब्रिटिश वैमानिकाला युद्ध संपेपर्यंत मिळाले नाही. विमान पेटले तर जळायचे किंवा उडी टाकायची, एवढीच निवड.

२७ जून १९१८. जर्मनांचा वसंतातला मोठा हल्ला आमियाँ शहराच्या तोंडाशी येऊन थबकला होता आणि त्या टापूवर दोन्हीकडची विमाने रोज सकाळी एकमेकांना शोधत फिरत. त्या दिवशी गस्तीला गेलेले वेलिणकर परतले नाहीत. ते जखमी होऊन जर्मन हद्दीत पडले होते. तिथेच ३० जूनला त्यांचा अंत झाला. जर्मनांनी त्यांना पुरले आणि नोंद केली. पण नोंद करणाऱ्याला हे आडनाव काही उमगले नाही. क्रुसावर आणि कागदावर ‘वेलिणकर’चे ‘वुमकर’ झाले.

इकडे मुंबईत विधवा आई. तिच्या हाती एवढेच होते की मुलगा ‘बेपत्ता’ आहे. युद्ध नोव्हेंबरात संपले, अपोलो बंदरावर पलटणी उतरू लागल्या, विजयाच्या मिरवणुका निघाल्या, आणि बेपत्ता हा शब्द तसाच राहिला. ब्रिटिश युद्धस्मशान आयोगाची माणसे पुढची काही वर्षे फ्रान्सचा तो भाग वीतवीत पालथा घालत होती. विखुरलेल्या कबरी उकरून, ओळख पटवून, मोठ्या स्मशानांत एकत्र आणत होती. त्या खटाटोपात वुमकर म्हणजेच वेलिणकर हे पक्के झाले. आज ते आमियाँजवळच्या हँगार गावच्या स्मशानभूमीत आहेत.

देह मायदेशी न्यायचा नाही, लॉर्डाचा मुलगा असो की शिपाई, असा आयोगाचा नियम होता. गंगा, अस्थी, दहावे-तेरावे यांतले काही त्या आईला करता आले नसणार. घरच्यांना मुभा होती ती दगडावर एक ओळ कोरून घेण्याची. अक्षरे सहासष्टपेक्षा जास्त नकोत. वेलिणकरांच्या दगडावर इंग्रजीत जी ओळ आहे तिचा आशय असा, की साम्राज्याच्या सर्वांत शूर पुत्रांपैकी एकाच्या सन्मानार्थ. ‘साम्राज्याच्या’ हा शब्द आज आपल्याला खुपतो. पण १९२० च्या आसपासच्या मुंबईत, ज्या राज्याने आपल्या मुलाला आधी दारातच अडवले, त्या राज्याकडून एका आईने तो शूर होता हे दगडात लिहवून घेतले. माझ्या मते ती ओळ राजनिष्ठेपेक्षा हक्काची जास्त आहे.

पुढची वीस वर्षे मुंबईच्या आकाशात लष्कराचे फारसे काही नव्हते. १९२८ पासून जुहूच्या खाजणालगत धावपट्टी आणि मुंबई फ्लाइंग क्लब. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन तिथेच उतरले. पावसाळ्यात जुहूचा चिखल होई आणि विमानांचा मुक्काम पुण्याला हाले. त्याच महिन्यात, ८ ऑक्टोबरला, इंडियन एअर फोर्स कागदावर जन्माला आले. एप्रिल १९३३ मध्ये कराचीला चार वापिती विमानांनिशी त्याचे पहिले पथक उभे राहिले. दुसरे महायुद्ध आले तेव्हा हे दल इतके तोकडे होते की किनाऱ्यावर लक्ष ठेवायला फ्लाइंग क्लबांतले आणि विमान कंपन्यांतले हौशी, नोकरदार वैमानिक राखीव दलात घेऊन ठिकठिकाणी तुकड्या बनवाव्या लागल्या. मुंबईची तुकडी जुहूला होती. तिच्याकडे वापितीच: उघड्या बैठकीची, दोन पंखांची, १९२० च्या दशकातली. ज्या मशीनवर एखाद्याने शिकाऊ म्हणूनही बसायला कुरकुर केली असती, ती घेऊन ही माणसे अरबी समुद्रावर जहाजांच्या काफिल्यांची राखण करत.

गिरणगावाला या युद्धाशी देणेघेणे नव्हते, असे मात्र नाही. ते होते, आणि विरोधाचे होते. युद्ध सुरू होऊन महिना झाला नव्हता, तोच २ ऑक्टोबर १९३९ रोजी मुंबईच्या नव्वद हजार कामगारांनी युद्धाविरोधात एक दिवसाचा संप केला. मागणी पगाराची नव्हती, साम्राज्याच्या लढाईत आम्हाला ओढू नका ही होती. मार्च १९४० मध्ये महागाईभत्त्यासाठी मोठा संप झाला. ऑक्टोबर १९४० मध्ये लंडनवर रात्रंदिवस बाँब पडत होते, स्पिटफायरसाठी जगभर थाळ्या फिरत होत्या. त्याच महिन्याच्या सतराव्या दिवशी पवनारला विनोबा भाव्यांनी वैयक्तिक सत्याग्रहाची सुरुवात केली. घोषणा अशी की ब्रिटिशांच्या युद्धाला माणूस किंवा पैसा यांची मदत करणे चूक आहे.

दादर उलट दिशेला. शिवाजी पार्कावरच्या सावरकर सदनातून तात्याराव सावरकर तरुणांना सांगत होते, भूदलात, नौदलात, हवाई दलात शिरा, शस्त्र हाती लागते आहे ते सोडू नका. हिंदू कॉलनीतल्या ‘राजगृहा’त बाबासाहेब आंबेडकर वेगळ्या कारणाने त्याच निष्कर्षाला आले होते: नाझींचा विजय हा दलितांसाठीच नव्हे तर सगळ्यांसाठी अनर्थ, आणि सैन्याचे बंद दार उघडायची वेळ हीच. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. त्याच वर्षी जूनमध्ये हिटलर रशियावर चालून गेला आणि परळचे कम्युनिस्ट पुढारी काही महिन्यांत ‘साम्राज्यवादी युद्धा’वरून ‘लोकयुद्धा’वर आले. दादर स्टेशनच्या दोन्ही बाजूंना मैलभराच्या आत एवढी मते नांदत होती. पुढच्या पिढ्यांनी यांतले आपापले एक उचलले आणि बाकीची विसरली.

त्या फंडातल्या पैशाचे पहिले ठळक फळ युरोपात नव्हे, ब्रह्मदेशात दिसले. १९४१ च्या उत्तरार्धात इंडियन एअर फोर्सच्या पहिल्या पथकाला जुनी यंत्रे टाकून बारा लायसँडर विमाने मिळाली, ती मुंबईच्या वॉर गिफ्ट्स फंडाने दिलेली. लायसँडर हे वरच्या बाजूला पंख असलेले, संथ, चिवट विमान. तोफांचा मारा कुठे पडतो ते पाहणे आणि फौजांना निरोप पोचवणे हे त्याचे काम. लढणे नव्हे. १९४२ च्या फेब्रुवारीच्या आरंभी पथक ब्रह्मदेशात टाँगूला उतरले आणि जपान्यांनी लगेच त्या तळावर बाँब टाकले. पथकप्रमुख करुण कृष्ण मजुमदार, सगळ्यांचे ‘जंबो’, यांनी ठरवले की उत्तर द्यायचे. लायसँडरला जागच्या जागी खटपट करून अडीचशे पौंडी बाँब अडकवले. दुसऱ्या दिवशी मजुमदार एकट्याने निघाले, सोबत दोन ब्रिटिश बफेलो विमाने, आणि सयामच्या सरहद्दीतल्या माए हाँग सोन इथल्या जपानी तळावरच्या हँगरवर त्यांनी ते टाकले. मग अख्खे पथक गेले. टेहळणीची विमाने बाँबफेकी झाली. मजुमदारांना ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ मिळाला. या युद्धात इंडियन एअर फोर्सच्या अधिकाऱ्याचा तो पहिलाच. ते कलकत्त्याचे, १९४५ मध्ये लाहोरला प्रात्यक्षिक करताना विमान कोसळून गेले. जे यंत्र त्यांनी वाकवून लढाऊ केले, त्याची किंमत मुंबईने मोजली होती.

आता ती दोन पथके. १२२ वे ‘बॉम्बे’ पथक १ मे १९४१ रोजी स्कॉटलंडमध्ये स्पिटफायर घेऊन पुन्हा उभे राहिले. त्याच्या प्रमुखांची यादी वाचताना मला सगळ्यात आश्चर्य वाटले ते १९४२ च्या वसंतातल्या नावाचे: फ्रांतिशेक फाईटल. चेक माणूस. हिटलरने त्याचा देश गिळला, तो पोलंड, फ्रान्स असे करत ब्रिटनला पोचला, लढला, आणि ब्रिटिश पथकाचा प्रमुख झालेला पहिला चेक ठरला. ते पथक ‘बॉम्बे’. पद मिळून फार दिवस झाले नव्हते. ५ मे १९४२ रोजी उत्तर फ्रान्सवर त्याचे विमान पडले. तो जिवंत उतरला, शेतांतून, अनोळखी घरांतून लपत निघाला, पिरेनीज ओलांडून स्पेनमध्ये शिरला, तिथल्या तुरुंगात राहिला आणि परत ब्रिटनला आला. त्याच्या जागी आलेला लिऑन प्रेव्हो बेल्जियन. तोही त्याच उन्हाळ्यात फ्रान्सवर पाडला गेला, आणि तोही निसटून परतला. म्हणजे मुंबईच्या नावाच्या पथकाचे लागोपाठचे दोन प्रमुख हे ज्यांचा देश पारतंत्र्यात आहे असे दोघे, आणि ज्या शहराचे नाव ते वागवत होते तेही पारतंत्र्यात. ही विसंगती त्या वेळी लंडनमध्ये कोणाला जाणवली असेल असे वाटत नाही.

८ ऑगस्ट १९४२ ची रात्र गिरगावच्या शेजारी गवालिया टँकवर कशी गेली ते सांगायला नको. नऊ तारखेच्या पहाटे धरपकड, शहरात अश्रुधूर, गोळीबार, बंद गिरण्या. बरोब्बर दहा दिवसांनी, १९ ऑगस्टला, फ्रान्सच्या दिएप बंदरावर मित्रसैन्याने फसलेला तो छापा घातला; दिवसभर आकाशात जी झुंज चालली तिच्यात ‘बॉम्बे’ पथक होते. चले जाव म्हणणारी मुंबई तुरुंगात, आणि तिचे नाव इंग्लंडच्या बाजूने इंग्लिश खाडीवर.

फाईटलचे पुढे काय झाले तेही सांगतो, कारण युद्धकथा सहसा पदकावर संपवतात. १९४४ मध्ये तो चेक वैमानिकांची तुकडी घेऊन रशियामार्गे स्लोव्हाक उठावात लढला. मायदेशी परतला. १९४८ मध्ये तिथे कम्युनिस्टांची सत्ता आली आणि पश्चिमेच्या बाजूने लढलेले वैमानिक संशयित ठरले. त्याला हवाई दलातून काढले, छावणीत डांबले. सुटल्यावर मजुरी करून दिवस काढावे लागले. राजवट कोसळल्यावर मान मिळाला, २००६ मध्ये वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी तो वारला.

१३२ व्या ‘सिटी ऑफ बॉम्बे’ पथकाचे बोधवाक्य लॅटिनमध्ये होते, अर्थ ‘बिबट्यापासून सावध’. बिबट्या मुंबईचा म्हणायचा. १९४४ च्या आरंभी याचे प्रमुखपद जेफ्री पेजकडे आले. पेज विशीत असताना, १२ ऑगस्ट १९४० रोजी, त्याचे हरिकेन पेटले होते. पेट्रोलची टाकी समोरच असे. ज्वाळा थेट तोंडावर आणि हातांवर. तो इंग्लिश खाडीत पडला, लोकांनी वर काढला, आणि ईस्ट ग्रिन्स्टेडच्या इस्पितळात आर्चिबाल्ड मॅकिंडो या शल्यविशारदाच्या हवाली झाला. जळालेल्या चेहऱ्यांवर आणि बोटांवर त्वचारोपण करण्याचे तंत्र मॅकिंडोने त्या इस्पितळात घडवले. रोगी स्वतःला ‘गिनिपिग’ म्हणवत आणि त्यांनी त्या नावाचा क्लबच काढला. पेज त्याच्या संस्थापकांतला. त्याने मनाशी हिशेब मांडला होता: जितक्या शस्त्रक्रिया झाल्या, तितकी जर्मन विमाने पाडायची. पंधरा शस्त्रक्रिया, पंधरा विमाने. वाकलेल्या, ताठरलेल्या बोटांनी तो पुन्हा स्पिटफायर चालवायला लागला आणि नॉर्मंडीच्या आक्रमणाच्या काळात ‘सिटी ऑफ बॉम्बे’ त्याच्या हाताखाली लढले. हिशेब त्याने पुरा केला. म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींत मात्र त्या सुडाकडे तो जरा लांबून, थोड्या संकोचाने पाहतो.

त्याच वसंतात, १४ एप्रिल १९४४ ला, खरी मुंबई पेटली. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकाइन’ जहाजाचा स्फोट झाला. ४ वाजून ६ मिनिटांनी गोदीचे घड्याळ थांबले, मग अर्ध्या तासाच्या आत दुसरा दणका. जहाजावरच्या सोन्याच्या विटा उडून घरांवर पडल्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. बर्कनहेडहून निघताना त्याच जहाजात सुमारे चौदाशे टन दारूगोळ्याच्या जोडीला स्पिटफायर विमानेही भरलेली होती, हे फारसे कोणी सांगत नाही. युरोपात मुंबईच्या नावाने उडणाऱ्या जातीचे विमान मुंबईच्या वाटेवर आले ते असे, आणि त्याच खेपेने मसजिद-मांडवीचा भाग जाळला. कापसाच्या गाठी दारूगोळ्याशेजारी रचणाऱ्या बेपर्वाईची चौकशी झाली. युद्ध चालू होते, तेव्हा जेवढी व्हायची तेवढीच.

नावाचे सोडा, मराठी माणसे या युद्धात खरोखर उडत होती का? होती. शैलेंद्र एकनाथ सुखटणकर हे ब्रिटिश बाँबर कमांडच्या ८३ व्या पथकात नॅव्हिगेटर होते. हे ‘पाथफाइंडर’ पथक, म्हणजे सगळ्यांच्या पुढे जाऊन अंधारात लक्ष्यावर रंगीत दिवे टाकून मागच्यांना वाट दाखवणारे. नॅव्हिगेटरला बाहेरचे काही दिसत नाही. पडद्यामागे, छोट्या दिव्याखाली, नकाशा, घड्याळ आणि वाऱ्याचे गणित. ते चुकले तर शेकडो विमाने भलत्याच गावावर बाँब टाकणार. बाँबर कमांडच्या सव्वा लाख विमानी सैनिकांपैकी ५५,५७३ परतले नाहीत. सुखटणकर परतले, ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ घेऊन. त्यांच्या काही मोहिमा ज्या लँकॅस्टरमधून झाल्या ते आर-५८६८ क्रमांकाचे विमान लंडनच्या हवाई दल संग्रहालयात उभे आहे. मुंबईहून जाणारे मराठी पर्यटक त्याच्यापुढे फोटो काढतात.

हृषीकेश मुळगावकर तर अस्सल मुंबईचे, जन्म १९२० चा. नोव्हेंबर १९४० मध्ये सनद मिळाली, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढले. हे नाव पुन्हा येईल.

युद्ध संपले आणि जेत्यांच्याच छावण्यांत कुरबुर सुरू झाली. जानेवारी १९४६ मध्ये कराचीच्या तळावर खुद्द गोऱ्या ब्रिटिश हवाई सैनिकांनी काम थांबवले. घरी कधी पाठवणार, हा त्यांचा सवाल. तो संप हिंदुस्थानभर आणि सिंगापूरपर्यंत पसरला. सरकारने त्यांच्याशी बऱ्यापैकी सबुरीने घेतले. महिनाभराने, १८ फेब्रुवारीला, कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदलाच्या तळावर नाविकांचे बंड झाले, तेव्हा सबुरी संपलेली होती. मरीन ड्राइव्ह आणि अंधेरीच्या छावण्यांतले रॉयल इंडियन एअर फोर्सचे सुमारे हजार जवान नाविकांच्या पाठिंब्याला बाहेर पडले. यंत्रे जुळवणारे, तारायंत्रे चालवणारे, बाँब भरणारे हात होते हे. वैमानिकांच्या कथांत यांचा उल्लेख क्वचित येतो. एकाच दलात गोऱ्याला वेगळे अन्न, वेगळा पगार, वेगळी वागणूक, हे त्यांनी पाच वर्षे पाहिले होते.

२२ तारखेला ब्रिटिश हवाई दलाची विमाने बंदरावरून खाली येऊन घिरट्या घालून गेली. बंडखोर जहाजांना धाक बसावा म्हणून. सहा वर्षे मुंबईने हवाई हल्ल्याची वाट पाहिली होती. काळोखाचे नियम पाळले, वाळूच्या गोण्या रचल्या, जपानी विमान कधी आले नाही. बाँब टाकायच्या पवित्र्यात शहरावर आली ती ज्यांच्यासाठी फंड गोळा केला त्यांचीच विमाने. त्या दिवशी गिरणगाव बंद होते. परळ, लालबाग, डिलाइल रोड इथे लष्करी गाड्यांतून गोळ्या सुटल्या; परळला कमल दोंदे मारल्या गेल्या. दोन-तीन दिवसांत मेलेल्यांची संख्या सरकारी हिशेबानेच दोनशेच्या वर गेली. वल्लभभाईंच्या सल्ल्याने नाविकांनी २३ तारखेला शरणागती पत्करली.

त्यानंतर पाचेक आठवड्यांनी, १ एप्रिल १९४६ रोजी, १२२ व्या पथकाचा क्रमांक बदलून ४१ करण्यात आला आणि ‘बॉम्बे’ हे नाव गळाले. ‘सिटी ऑफ बॉम्बे’ त्या वेळी हाँगकाँगला होते. जपानी शरण आल्यावर सिलोनहून विमानवाहू जहाजाने त्याची स्पिटफायर तिथे नेली होती. पंधरा दिवसांनी तेही बरखास्त झाले.

ब्रिटिश जाताना बरीच स्पिटफायर आणि टेंपेस्ट विमाने इथेच राहिली. ही पथके मिटल्यावर दीड वर्षाने काश्मीरवर टोळीवाले चालून आले तेव्हा भारताकडे लढायला तीच होती. तिथे हवाई दलाच्या मोहिमेची सूत्रे सांभाळणारे विंग कमांडर होते मुळगावकर. त्यांना महावीरचक्र मिळाले, आणि १ फेब्रुवारी १९७६ रोजी ते हवाई दलाचे प्रमुख झाले.